जपलेल्या जुन्या वाहनांना भंगाराखेरीज दुसरी वाट हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जुनी वाहने मोडीत काढण्याच्या केंद्रीय धोरणाविषयी गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. १५ वर्षांवरील शासकीय वाहने १ एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरून हटवण्याचा निर्णय झाला, खासगी वाहनांच्या पुनर्नोंदणीचे शुल्क वाढले, आणि या सगळ्यातून गावोगावी एक समजूत पक्की होत गेली की जुने वाहन म्हणजे भंगार, आणि ते लवकरात लवकर दारातून हलवलेले बरे. याच काळात, १५ जुलै २०२१ रोजी, केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांवरील जपलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. तिची माहिती मराठवाड्यात वाहनमालकांना नाही, एजंटांना नाही आणि माझ्या अनुभवापुरते सांगायचे तर परिवहन कार्यालयाच्या खिडकीवरही नाही. माझ्या वडिलांची १९५१ सालची शेवरले पिकअप विकायला काढल्यावर मला हे कळले. गाडीची जाहिरात व्हावी म्हणून हे पत्र नाही. माझ्यासारखे जे इतर मालक आहेत त्यांच्या हातून अशी वाहने चुकीच्या माणसाकडे जाऊ नयेत, एवढ्यासाठी लिहितो आहे.

गाडीविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा नीट समजणार नाही. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे मोटारी आणि ट्रक जुळवण्याचा कारखाना चालवला होता आणि १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात तो बंद केला. त्या अखेरच्या वर्षांतली ही अर्ध्या टनाची पिकअप आहे. पुढच्या जाळीला पाच आडव्या पट्ट्या, समोरची काच मध्ये दांडी देऊन दोन तुकड्यांत बसवलेली, पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे आणि सेल्फ मारायला पायाखाली खटका. इंजिन सहा सिलिंडरचे, सुमारे साडेतीन लिटरचे, साधारण ९० अश्वशक्तीचे; बॅटरी सहा व्होल्टची. परतूर त्या वेळी हैदराबाद राज्यात होते आणि गाडीची पहिली नोंद त्या राज्यातली आहे. एका जिनिंग कारखान्याच्या मालकाने ती घेतली आणि पुढे १९६० च्या दशकात माझ्या वडिलांनी त्यांच्याकडून विकत घेतली.

परतूर, मंठा, सेलू या पट्ट्यातला कापूस, सरकीच्या गोण्या, हंगामात मोसंबी, आणि १९७२ च्या दुष्काळात कामांवर वाटायची सुकडी आणि मिलो, असे सगळे या गाडीने वाहिले आहे. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे हौद्यात उभी राहून तालुक्याला येत. मराठवाड्यातल्या दळणवळणाचा इतिहास लिहिताना आपण रेल्वेविषयी लिहितो आणि एस. टी. विषयी लिहितो. रेल्वे स्टेशन आणि शेत यांच्यामधली वाट ज्या छोट्या मालवाहू गाड्यांनी बांधून ठेवली, त्यांच्याविषयी कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही, आणि त्या गाड्याही आता दिसत नाहीत.

ही एक गाडी टिकली यात वडिलांच्या काळजीचा वाटा मोठा आहे, पण आपल्या हवेचाही आहे. कोकणात किंवा मुंबईत सत्तर वर्षांचा पत्रा खाली बोट घातले तर आरपार जावा अशा स्थितीत सापडतो. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने केबिनचा आणि चेसिसचा पत्रा मूळचा राहू शकतो. अट एवढीच की पावसाळ्यात चेसिसच्या आडव्या पट्ट्यांवर आणि मडगार्डच्या आत साचलेली काळी माती वेळेवर धुऊन काढली पाहिजे, कारण ती माती ओल धरून बसते आणि गंज तिथूनच सुरू होतो. वडील हे काम दर पावसाळ्यानंतर स्वतः करीत. हौद्याच्या तळाच्या लाकडी फळ्या मात्र बदलल्या आहेत आणि त्या जागी सागाच्या घातल्या आहेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिचे पेट्रोल इंजिन मूळचे आहे. पेट्रोल महाग होत गेले तसे मालकांनी जुन्या अमेरिकन गाड्यांतली इंजिने काढून त्या जागी डिझेल इंजिने बसवली. गाडीवर पोट असणाऱ्या माणसाने तसे केले याबद्दल मी कोणाला बोल लावणार नाही. पण त्यामुळे झाले असे की मूळ इंजिनासह चालू स्थितीत असलेली पिकअप आज विरळा झाली आहे. या इंजिनाची बेअरिंगे व्हाइट मेटल नावाचा मऊ मिश्रधातू ओतून तयार केलेली असतात. ती झिजली की बाजारात जाऊन नवी आणता येत नाहीत, जाणत्या कारागिराकडून पुन्हा ओतून, घासून, बसवून घ्यावी लागतात. असे काम करणारे हात फार थोडे राहिले आहेत. संभाजीनगरला चिकलठाणा आणि वाळूजच्या लहान वर्कशॉपांत नमुना दिला तर बुश, पिन, गॅस्केट अजून करून मिळतात हा मोठाच आधार आहे. आता इथेनॉलमिश्रित पेट्रोल आल्यापासून जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा यांवरही लक्ष ठेवावे लागते. माझे वय आणि माझी तब्येत पाहता हे सगळे पुढे मला जमणार नाही आणि मुले पुण्यात नोकरीला आहेत. म्हणून गाडी विकण्याचा निर्णय घेतला.

विकायला काढल्यावर जी गिऱ्हाइके आली त्यांवरून परिस्थिती स्पष्ट झाली. पहिले गिऱ्हाईक भंगारवाल्याचे. जालना हे लोखंडी सळयांचे मोठे केंद्र आहे, तिथल्या भट्ट्यांना भंगार सतत लागते, त्यामुळे आमच्या भागात कोणत्याही जुन्या यंत्राचा पहिला भाव वजनावर होतो. सुमारे दीड टन वजनाच्या या गाडीचाही तसाच झाला. दुसरे गिऱ्हाईक महामार्गावरच्या एका ढाब्याचे होते; त्यांना इंजिन आणि चेसिस नको होती, फक्त पुढचा भाग कापून दर्शनी भिंतीत बसवायचा होता. तिसऱ्याने सर्वांत जास्त रक्कम देऊ केली, आणि त्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटली, कारण त्याला गाडीपेक्षा आर. सी. बुक आणि चेसिस नंबरची पट्टी यांत अधिक रस होता.

या तिसऱ्या प्रकाराविषयी वाचकांना सावध करणे मला आवश्यक वाटते. जुन्या गाडीचे खरे कागद आणि नंबरपट्टी हाती आली की ती दुसऱ्याच कुठल्या तरी, प्रसंगी चोरीच्या, वाहनावर चढवता येते, आणि कागदोपत्री मालक म्हणून नाव मात्र मूळ विकणाऱ्याचेच राहते. ‘टी. टी. फॉर्मवर सह्या करून ठेवा, बाकी आम्ही पाहतो’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते आणि लोक कोऱ्या फॉर्मवर सह्या करूनही देतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास १४ दिवसांत आणि परराज्यात झाल्यास ४५ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते, आणि घेणाऱ्यानेही ३० दिवसांत कळवायचे असते. ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि गाडी हातोहात पुढे गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्याकडे येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून हे टी. टी. फॉर्म, म्हणजे मालकी हस्तांतरणाचे नमुना २९ आणि ३०, पूर्ण भरूनच सही करावी, घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि तारीख आपल्या हाताने लिहावी आणि पोच जपून ठेवावी. गाडी खरोखरच मोडीत द्यायची असेल तर ती नोंदणीकृत मोडणी केंद्रात द्यावी, तिथले प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नये.

आता २०२१ च्या नियमांकडे येतो. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात जपलेली, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी अथवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अर्ज परिवहन पोर्टलवर करायचा असतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे, आणि नोंदणी १० वर्षे चालते. नव्याने नोंदणी होणाऱ्या वाहनाला राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही खास अक्षरे मिळतात. पण ज्याची नोंदणी आधीपासून आहे त्याला आपला जुना क्रमांक कायम ठेवता येतो, आणि मला ही तरतूद फार विचारपूर्वक केलेली वाटते. १९८९ पूर्वीचा, म्हणजे सध्याची क्रमांकपद्धत येण्याआधीचा, क्रमांक हा त्या गाडीच्या इतिहासाचा भाग असतो, आणि तो पुसला गेला तर गाडी कुठली, कोणत्या काळातली, याची एक खूण कायमची जाते. अशा वाहनाचा नियमित किंवा व्यावसायिक वापर मात्र करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ते रस्त्यावर आणता येते. घेणाऱ्याला हे आधीच सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. पिकअप आहे म्हणून तिच्यात मोसंबीचे क्रेट भरून मोंढ्यावर नेण्याचा कोणाचा विचार असेल तर त्याने ही गाडी या नोंदणीसह घेऊ नये.

नियम चांगला आहे, पण आमच्यासारख्यांची अडचण अंमलबजावणीत आहे. एका परिवहन कार्यालयात मी हा विषय काढला तेव्हा ‘ते राजेमहाराजांच्या मोटारींसाठी असते’ असे उत्तर मिळाले. उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्याचा त्यात दोष नाही, कारण त्यांना कोणी काही सांगितलेले नव्हते. पण त्या उत्तरात एक खरी अडचण दडलेली आहे. मोटारगाडी ही बहुधा वैयक्तिक वापराची म्हणून नोंदलेली असते, तर पिकअपच्या बुकात मालवाहू असा शिक्का असतो. व्यावसायिक वापर कधीच थांबलेल्या, पण कागदावर अजूनही मालवाहू असलेल्या वाहनाचा वर्ग बदलून ते व्हिंटेज नोंदणीस पात्र कसे करायचे, याची स्पष्ट सूचना राज्याच्या परिवहन विभागाने सर्व कार्यालयांना लेखी द्यायला हवी. ज्या गाड्यांनी आमच्या शेतीचा माल वाहिला, नेमक्या त्याच या वर्गीकरणापायी बाहेर राहिल्या आणि चांदीच्या मुठीच्या छत्र्यांखाली फिरलेल्या मोटारी तेवढ्या जपल्या गेल्या, तर तो मोठा अन्याय होईल.

दुसरी अडचण अभिलेखांची आहे आणि ती खास मराठवाड्याची आहे. आमचा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग १९६० पर्यंत द्विभाषिक मुंबई राज्यात आणि त्यानंतर महाराष्ट्रात. जिल्हेही बदलले. परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता, तो १ मे १९८१ रोजी नव्या जालना जिल्ह्यात आला. पुढच्या वर्षी लातूर वेगळे झाले, १९९९ मध्ये हिंगोली. या प्रत्येक बदलात नोंदणीची रजिस्टरे कोणत्या कार्यालयाकडे गेली, कोणती जुन्याच ठिकाणी राहिली, याचा माग सामान्य माणसाने कसा लावायचा? संगणकावरील ‘वाहन’ प्रणालीत जुन्या क्रमांकांची नोंद आपोआप आलेली नाही. ती मूळ रजिस्टर पाहून मागाहून चढवावी लागते, ज्याला कार्यालयात बॅकलॉग म्हणतात. ही नोंद चढल्याशिवाय हस्तांतरण होत नाही, आणि नव्या सुरक्षित नंबरपाटीची मागणीही पुढे सरकत नाही. मूळ रजिस्टरच सापडत नसेल तर मालकाकडचे अस्सल बुक, कराच्या जुन्या पावत्या आणि विम्याची कागदपत्रे पुरावा म्हणून ग्राह्य धरावीत, अशी माझी मागणी आहे. रजिस्टर जपण्याची जबाबदारी शासनाची होती. ते हरवल्याची शिक्षा ज्याने सत्तर वर्षे पावती जपली त्याला होऊ नये.

ज्यांच्या दारात, गोठ्याशेजारी किंवा जिनिंगच्या आवारात अशी एखादी गाडी उभी आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की विकायच्या आधी ती ‘नवी’ करायला जाऊ नका. पुट्टी भरून चकचकीत रंग दिलेल्या गाडीखाली पत्रा कसा आहे हे जाणकाराला दिसत नाही, म्हणून तो भाव कमी करतो किंवा परत जातो. फिकट पडलेला पण मूळचा रंग, झिजलेले पण मूळचे सीट, दारावर अर्धवट पुसलेले जिनिंगचे नाव, यांना किंमत आहे. गाडी मालकाच्या मृत्यूनंतर वारसांकडे आली असेल तर आधी नमुना ३१ भरून ती वारसाच्या नावावर करून घ्यावी. भावंडांची संमती लेखी घ्यावी. बँकेचा किंवा सोसायटीचा जुना बोजा बुकात दिसत असेल तर तो नमुना ३५ देऊन उतरवावा. मी स्वतः गाडीचे एक टिपण तयार केले आहे. कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला, केव्हा आणि कोणाकडून, हे त्यात लिहिले आहे, आणि सागाच्या फळ्यांचाही त्यात उल्लेख आहे. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर बुकाशी जुळतो हे दिवसाच्या उजेडात घेणाऱ्यासमोर तपासून दाखवावे आणि त्याचे फोटो दोघांकडे राहू द्यावेत. डायनॅमो चार्ज करीत नसेल किंवा गिअर टाकताना आवाज येत असेल, तर तेही सांगावे. घेणारा माणूस खरा जाणकार असेल तर या दोषांमुळे तो मागे हटत नाही. ते लपवले तर मात्र हटतो, आणि त्याचे हटणे योग्यच असते.

प्राप्तिकराचा मुद्दाही ध्यानात ठेवावा. वैयक्तिक वापराची मोटार विकून आलेल्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही असे आपण धरून चालतो. परंतु १९३१ सालच्या एका मोटारीच्या विक्रीसंबंधी मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिलेल्या निकालानुसार, ती प्रत्यक्ष वैयक्तिक वापरात होती हे मालकाला दाखवता आले पाहिजे. केवळ मोटार आहे एवढ्याने सूट मिळत नाही. आमच्या पिकअपसारख्या मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीबाबत तर हे अधिकच लागू पडावे. म्हणून दुरुस्तीची बिले, पेट्रोलच्या पावत्या, घरच्या कार्यांतले गाडीचे फोटो फेकून देऊ नयेत आणि मोठी रक्कम येणार असेल तर आधी कर सल्लागाराला विचारावे.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. संभाजीनगर, नांदेड आणि लातूर या तीन प्रादेशिक परिवहन कार्यालयांत व्हिंटेज नोंदणीची चौकशी कोणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचे पद आणि भेटीची वेळ फलकावर लिहावी. गाडी व्हिंटेज ठरते की नाही हे पाहणाऱ्या राज्याच्या तपासणी समितीने वर्षातून ठरलेल्या दिवशी मराठवाड्यात येऊन गाड्या पाहाव्यात, कारण सत्तर वर्षांची गाडी टेम्पोवर चढवून मुंबईला नेणे सामान्य मालकाला परवडणारे नाही. पिकअप, छोटे ट्रक आणि जीपगाड्या यांच्या वर्गबदलाची पद्धत मराठीत छापून द्यावी. आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, शक्य झाल्यास, शेतमाल वाहणाऱ्या अशा दोन-चार जुन्या गाड्या चालू स्थितीत ठेवण्याचा विचार करावा. औजारे, बैलगाड्या, मोटा जपाव्यात असे आपण म्हणतो. त्यांच्यानंतर आलेल्या गाड्यांचाही तोच मान आहे, आणि शिकाऊ मुलांना व्हाइट मेटलची बेअरिंगे कशी ओततात हे शिकवायला त्याहून चांगले साधन मिळणार नाही.

माझी पिकअप अजून दारात आहे. पूर्ण गाडी घेणारा, ती चालती ठेवणारा आणि माझ्यासोबत परिवहन कार्यालयात येऊन कागद आपल्या नावावर करून घेणारा माणूस मिळाला तर भंगाराच्या भावापेक्षा फार जास्त रकमेचा आग्रह मी धरणार नाही. तोवर परिवहन विभागाने वर्गबदलाविषयी लेखी सूचना काढावी, एवढीच आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती.

आपला नम्र,
एक वाहनमालक,
परतूर, जि. जालना